एकुलता एक फोटो, हार्डबोर्ड आणि डिंक

घरातला वडीलधारा माणूस जातो. दोन-तीन दिवसांनी रडारड ओसरते, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येते की भिंतीवर लावायला जिभाऊंचा एकही धड फोटो नाही. गंधमुक्तीचा कार्यक्रम आठवड्यावर आलेला असतो, पत्रिका छापायला गेलेली असते. कपाटातली पत्र्याची पेटी खाली उतरते. जुन्या बँक पासबुकात, सातबाऱ्याच्या घड्यांत किंवा लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो सापडतो. पांढरी टोपी, कोट, मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा. धाकटा मुलगा किंवा पुतण्या तो खिशात घालून फ्रेमवाल्याकडे जातो आणि सांगतो, ‘परवापर्यंत द्या, काचेची करा.’

जळगावच्या बाजारात काय किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर काय, पुढे जे होते ते ठरलेले आहे. कापलेल्या हार्डबोर्डवर पांढरा डिंक ब्रशने पसरला जातो, त्यावर फोटो ठेवून फडक्याने दाबला जातो. वर काच, भोवती पट्टी, मागे खिळे. तासाभरात काम होते. मंडपात खुर्चीवर ठेवलेल्या त्या तसबिरीला हार पडतो, पाहुणे पाया पडतात. सगळे नीट पार पडते. बिघाड सुरू होतो तो नंतर, आणि तो दिसायला पाच, दहा, कधी वीस वर्षे लागतात. दिसतो तेव्हा उपाय उरलेला नसतो, कारण घरात जिभाऊंचा तेवढा एकच फोटो होता.

जुना कृष्णधवल फोटो म्हणजे नुसता कागद नव्हे. खाली कागद, त्यावर बेरियम सल्फेटचा पांढरा गुळगुळीत थर आणि सर्वांत वर जिलेटिनचा पातळ पापुद्रा. जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून बनते. जेली घट्ट करायला वापरतात तेच. या पापुद्र्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण अडकलेले असतात. आपल्याला जो चेहरा दिसतो तो या चांदीच्या कणांचा. म्हणजे फोटो ही चांदीची वस्तू आहे आणि ती पाणी शोषणाऱ्या थरात ठेवलेली आहे. एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सगळे धोके आपोआप कळतात.

पहिला धोका हवेचा. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, भुसावळला तर त्याच्याही पुढे गेलेला लोकांनी पाहिला आहे. हवा इतकी कोरडी की दाराची चौकट तडकते. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच घराच्या भिंतीला ओल येते. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. जिलेटिनही तसेच करते, पण वेगळ्या प्रमाणात. हार्डबोर्डचे आकुंचन-प्रसरण त्याहून वेगळे. तिन्ही सुटे असतील तर प्रत्येकजण आपापल्या जागी हलतो. डिंकाने एकमेकांना बांधले की ओढाताण सुरू होते. वरचा पापुद्रा तडकतो, फोटोला सुरकुत्या पडतात, मध्येच फुगे येतात. अनेक घरांत चेहऱ्यावर बारीक भेगांचे जाळे आलेला फोटो दिसतो आणि लोक म्हणतात, ‘जुना झाला.’ वयाचा दोष थोडा, पुठ्ठ्याशी बांधल्याचा जास्त.

त्यात कूलरची भर. उन्हाळ्यात इथे घरोघरी वाळ्याचा किंवा गवताच्या जाळीचा कूलर लागतो आणि बैठकीच्या खोलीत त्याचा ओला झोत नेमका तसबिरींच्या भिंतीवर जातो. बाहेर हवा कोरडी ठणठणीत, आत दमट. दुपारी कूलर चालू, वीज गेली की बंद. पावसाळ्यात वर्षातून एकदा होणारे फुगणे-आक्रसणे मग रोज होते.

हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या पुढे गेली की जिलेटिन मऊ आणि चिकट होऊ लागते. फोटो थेट काचेला टेकलेला असेल तर तो काचेला धरतो आणि वाळला की तिथेच पक्का होतो. मागून पुठ्ठ्याला डिंकाने चिकटलेला, पुढून काचेला आपोआप चिकटलेला. काच फुटली की फोटोही गेला. तसबिरीला रोज ओला हार घालण्याची पद्धत असेल तर पाणी काचेवरून ओघळून खालच्या पट्टीत शिरते. कित्येक तसबिरींत डाग खालच्या कडेपासून वर चढत गेलेला दिसतो, त्याचे कारण हे.

दुसरा धोका पुठ्ठ्याचा. हार्डबोर्ड, करडा पुठ्ठा, एमडीएफ हे सगळे लाकडाच्या भुशापासून किंवा लगद्यापासून बनतात आणि त्यात लिग्निन हा लाकडाचा घटक राहतो. लिग्निन जुने होत गेले की त्यातून आम्ले आणि पेरॉक्साइडसारखे पदार्थ सुटतात. वर्तमानपत्राचा कागद उन्हात ठेवला की पिवळा पडतो, तो याच्यामुळेच. बंद फ्रेममध्ये या वाफा कोंडून राहतात. चांदीच्या कणांवर त्यांचा परिणाम होतो, कण विरघळून वर सरकतात आणि पृष्ठभागावर पुन्हा जमतात. तिरक्या उजेडात पाहिले तर फोटोच्या काळ्या भागांवर आरशासारखी निळसर चमक दिसते. हीच ती सरकलेली चांदी. गंधकाचा संबंध आला तर गोष्ट घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. चांदीचा करंडा काळा पडतो, त्याच रासायनिक क्रियेने फोटोतला काळा रंग तपकिरी-पिवळा होतो. रबराच्या डिंकात बहुधा गंधक असते, म्हणून तो फोटोच्या मागे लावला की जिथे ब्रश फिरला तेवढाच पट्टा काही वर्षांनी पुढून उमटतो.

डिंकांच्या तऱ्हा अनेक आणि प्रत्येकाची खोडी निराळी. पूर्वी मैद्याची खळ किंवा सरस वापरत. खळीत पाणी भरपूर, त्यामुळे फोटो आधी भिजतो, ताणला जातो. वाळल्यावर खळ ही कसरीची मेजवानी. चंदेरी अंगाची, तुरुतुरु पळणारी कसर पिष्ट खाते, जिलेटिनही खाते. खळ आणि फोटो असे जेवण तिला एकाच ताटात मिळते. बुरशीचेही तेच. सुताराचा पांढरा डिंक कसरीला आवडत नाही, पण तो वाळल्यावर पाण्याने सुटत नाही आणि जुना होताना त्यातून थोडे ॲसेटिक आम्ल निघत राहते. हल्ली सोय म्हणून वापरला जाणारा डबल साइड टेप उन्हाळ्यात पातळ होऊन कडेने पाझरतो, नंतर पिवळा कडक होतो. सेलोटेपचे डाग तर निघतच नाहीत.

मुळात फोटो पुठ्ठ्यावर चिकटवायची रीत आली कुठून? तिचे उत्तर शोधायला खानदेशाच्या वेशीपर्यंतच जावे लागते. मेजर रॉबर्ट गिल हे नाव इथे सर्वांना माहीत आहे, निदान पारूच्या गोष्टीमुळे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने त्याला १८४४ मध्ये नेमले आणि १८७९ मध्ये मेल्यावर तो भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत विसावला. गिल चित्रकार होता तसा फोटोग्राफरही होता. १८६४ मध्ये लंडनला त्याच्या फोटोंची पुस्तके निघाली, त्यांतले मजकूर जेम्स फर्ग्युसनचे. त्या काळी फोटो छापण्याची सोय नव्हती. म्हणून लेण्यांचे खरे फोटो कागदावर उतरवून ते प्रत्येक प्रतीत पानापानावर हाताने चिकटवले होते.

ते फोटो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर असत. त्याला अल्ब्युमेन कागद म्हणत. हा कागद इतका पातळ की सुटा ठेवला तर गुंडाळी होऊन बसे. त्याला जाड पुठ्ठ्यावर चिकटवण्यावाचून गत्यंतरच नव्हते. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंच्या मागे नक्षीदार पुठ्ठा आणि स्टुडिओचे नाव दिसते ते यासाठी. म्हणजे चिकटवणे ही तेव्हाची गरज होती. पुढे विसाव्या शतकात जिलेटिनचा जाड कागद आला, १९७०च्या सुमारास दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा लेप असलेला कागद आला. हे कागद आपल्या पायावर उभे राहतात. गरज संपली, पण दुकानातली रीत हातातून हातात गेली आणि राहिली. त्या जुन्या पुठ्ठ्यांनी आणि खळीने आतल्या फोटोंचे काय केले, हे जगभरच्या संग्रहालयांत पाहायला मिळते. पिवळे पडलेले उजळ भाग, कडेने विरलेली आकृती, तपकिरी ठिपके.

अजिंठ्यातच दुसराही धडा आहे, आणि तो फोटोचा नसला तरी नेमका याच प्रश्नाचा आहे. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने भित्तिचित्रे वाचवण्यासाठी इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा पक्का केला, ते काम चांगले झाले. पण चित्रांवर त्यांनी लाखेचा लेपही दिला. हेतू रंग टिकावेत, उठून दिसावेत हा. काही वर्षांत लाख पिवळी-तपकिरी पडली, तिच्यावर धूळ बसली आणि ती आक्रसताना खालचा रंग ओढू लागली. तो लेप उतरवण्याचे काम पुरातत्त्व खात्याला पुढे कित्येक दशके करावे लागले. जे लावले ते पुन्हा काढता आले पाहिजे, हा जतनशास्त्राचा पहिला नियम आज जगभर पाळतात, तो अशा अनुभवांतून आलेला आहे. तसबिरीच्या दुकानात हा नियम अजून पोचलेला नाही, इतकेच.

डिंकाऐवजी उष्णतेने चिकटवण्याची एक पद्धत आहे. फोटो आणि पुठ्ठा यांच्यामध्ये मेणचट लेपाचा पातळ कागद ठेवायचा आणि ८० ते ९५ अंश तापलेल्या प्रेसमध्ये दाबायचे. पाणी लागत नाही, फोटो अगदी सपाट बसतो. प्रदर्शनांसाठी फोटो पाठवणाऱ्या हौशी आणि नामवंत छायाचित्रकारांची विसाव्या शतकात ही आवडती रीत होती. स्वतः प्रत काढणाऱ्याला ती परवडते. निगेटिव्ह हाताशी असते, एक प्रत बिघडली तर दुसरी काढता येते. चाळीसगावच्या केकी मूस यांनी रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात आयुष्य काढून टेबलटॉप छायाचित्रणात नाव कमावले. १९८९ मध्ये ते गेल्यावर त्या घराचे कलादालन झाले. अशा संग्रहातली प्रत्येक प्रत आज एकमेव असते, कारण ती काढणारा हात आता नाही. छायाचित्रकाराने काल दुसरी प्रत काढता येईल म्हणून पत्करलेला धोका वारसांना पत्करता येत नाही. आजोबांच्या पासबुकातल्या फोटोचेही तेच, त्याची निगेटिव्ह स्टुडिओबरोबर कधीच गेली. शिवाय प्रेसमध्ये धुळीचा एक कण राहिला तर तो टेंगूळ होऊन कायमचा उमटतो. इंकजेटवर काढलेली किंवा प्लॅस्टिक लेपाची प्रत जास्त तापली तर चकाकी बिघडते, पृष्ठभाग वितळतो.

हल्ली सर्वांत फोफावले आहे ते लॅमिनेशन. फोटो एमडीएफच्या फळीवर चिकटवायचा, वरून प्लॅस्टिकची पारदर्शक चादर गरम दाबाने बसवायची, कडा तिरक्या कापून काळ्या रंगवायच्या. काच फुटायची भीती नाही, ओल्या फडक्याने पुसता येते, स्वस्तही पडते. लॅबमधून नव्याने काढलेल्या प्रतीला हे केले तर तक्रार नाही. पण मूळ फोटोवर केले की त्याच्या दोन्ही बाजू बंद. पुढून प्लॅस्टिक, मागून फळी. मागचे काय गेले हे लोकांना उशिरा उमगते. जुन्या फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले असते: नावे, गाव, साल, ‘चि. सौ. कां.’ची ओळ, स्टुडिओचा शिक्का. गटफोटोत उजवीकडून तिसरा कोण, हे सांगणारे माणूस राहत नाही तेव्हा ती पाठच बोलते. फळीला चिकटलेली पाठ बोलत नाही.

याच कुळातला आणखी एक दोषी म्हणजे १९८०-९० च्या दशकातले लग्नाचे अल्बम, चिकट पानांवर वरून पारदर्शक प्लॅस्टिक असलेले. त्यातला चिकट पदार्थ आता तरी कडक झाला आहे किंवा रस सुटल्यासारखा ओला झाला आहे, आणि प्लॅस्टिक बऱ्याचदा पीव्हीसीचे असते. असे अल्बम घरात असतील तर वाट पाहू नये. फोटो नखाने ओढू नयेत. दात स्वच्छ करायचा मेणाचा दोरा मिळतो, तो फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा सरकवला तर पुष्कळदा सुटतो. हट्ट केला तर कागदाचा पापुद्रा पानावर राहतो. तसे वाटले तर थांबावे आणि पानासकट स्कॅन करावे.

या सगळ्यात एका माणसाकडे कुणाचे लक्ष जात नाही. तो म्हणजे फ्रेमवाला. आठ बाय दहाच्या दुकानात, पुढे शटर आणि मागे भिंत, तो दिवसभर करवत, स्प्रे आणि डिंक यांच्यात बसतो. पिवळट, झोंबऱ्या वासाचे जे चिकटवणारे द्रव्य पादत्राणांच्या आणि प्लायवूडच्या कामात वापरतात त्यात टोल्यूइन, कधी हेक्झेन ही द्रावके असतात. टोल्यूइनने डोके दुखते, गरगरते, झोप आल्यासारखे वाटते. हेक्झेनचा परिणाम चोरपावलाने येतो. महिनोन् महिने श्वासातून गेले तर हातापायांच्या नसा दुबळ्या होतात, बोटांना मुंग्या येतात, चपला पायातून सुटू लागतात. १९६०च्या दशकात जपानमध्ये घरोघरी चपला चिकटवणाऱ्या कामगारांत असा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला, तेव्हा हे नीट लक्षात आले. या वाफा पेटणाऱ्याही असतात. दुकानातल्या देवापुढची उदबत्ती आणि उघडा डबा यांत अंतर हवे.

लाकडाच्या पट्ट्या आणि एमडीएफ कापताना उडणारी धूळ ही दुसरी गोष्ट. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये, आणि एमडीएफ जोडणाऱ्या राळेतून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडला २००४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या गटात टाकले. याचा अर्थ फ्रेमवाल्यांनी घाबरून धंदा सोडावा असा नाही. करवत शटरबाहेर मोकळ्यावर चालवावी, पंखा धूळ तोंडावर आणणारा नको, वाफा बाहेर ढकलणारा हवा, नाकातोंडाला रुमालाऐवजी एन-९५ मास्क असावा. रुमाल वाफही अडवत नाही आणि बारीक धूळही. मास्क धूळ अडवतो, पण द्रावकाची वाफ त्यातूनही आत जाते. तिच्यासाठी मोकळी हवाच लागते. काच कापताना डोळ्यांना चष्मा, हे सांगायला नको, पण दिसत नाही.

घरातल्यांनाही थोडी काळजी हवी. वर्षानुवर्षे ओलसर भिंतीवर टांगलेली फ्रेम उघडली की आतून बुरशीची पूड उडते. दम्याच्या रुग्णाने ते काम करू नये, बाकीच्यांनी अंगणात, मास्क लावून करावे. मागचे गंजलेले खिळे हाताला लागले आणि धनुर्वाताची लस घेऊन बरीच वर्षे झाली असतील तर दवाखाना गाठावा.

मग फोटो लावायचा कसा? सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय हा, की मूळ फोटो दुकानात न्यायचाच नाही. आधी तो स्कॅन करून घ्यावा, लहान फोटो असेल तर ६०० डीपीआयला. स्कॅनर नसेल तर सावलीत, फ्लॅश न वापरता, फोटोला समांतर धरून मोबाइलने काढावा. त्यावरून मोठी प्रत काढावी. ती फ्रेमवाल्याने हवी तशी चिकटवावी, लॅमिनेट करावी. बिघडली तर पाच वर्षांनी दुसरी. गंधमुक्तीच्या घाईतही याला एक दिवस पुरतो. मूळ फोटो कागदी पाकिटात, पाकिटावर आधी लिहून मग फोटो आत घालावा, आणि पाकीट पत्र्याच्या पेटीत नव्हे तर घराच्या आतल्या भिंतीच्या कपाटात, मधल्या फळीवर. धाब्याच्या घरात छताजवळची आणि जमिनीलगतची जागा दोन्ही टाळाव्यात.

मूळ फोटोच लावायचा असा आग्रह असेल तर फ्रेमवाल्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात आणि बहुतेकदा समोर उभे राहून करून घ्याव्या लागतात. फोटोला डिंक लागणार नाही. तो चार कोपऱ्यांना कागदाचे त्रिकोणी खिसे करून त्यात अडकवायचा, लहानपणी अल्बममध्ये काळे कोपरे असत तसे. खिसे पुठ्ठ्याला चिकटतील, फोटोला नाही. फोटो आणि काच यांच्यामध्ये खिडकी कापलेला जाड पुठ्ठा म्हणजे माउंट असेल, म्हणजे काच फोटोला टेकणार नाही. आणि फोटोच्या मागे हार्डबोर्ड थेट न लागता मध्ये आम्लरहित कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा थर असेल. असा पुठ्ठा चित्रकलेच्या साहित्याच्या मोठ्या दुकानात मागवून मिळतो. फोटोसाठी बनवलेल्या साहित्याची आयएसओ १८९१६ नावाची चाचणी असते. त्यात ते साहित्य चांदीच्या आणि रंगाच्या चाचणीपट्ट्यांना लावून ७० अंश तापमान आणि ८६ टक्के आर्द्रतेत पंधरा दिवस ठेवतात. खानदेशातला मे आणि ऑगस्ट एकाच वेळी अंगावर यावा तसे ते असते. वेष्टनावर त्या चाचणीचा उल्लेख असेल तर उत्तम. फ्रेम भिंतीला चपटी न लावता मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावावेत, हवा खेळती राहते. कूलरसमोरची भिंत नको, पश्चिमेच्या खिडकीचे ऊन नको. हार कोरडा, किंवा फ्रेमच्या खिळ्याला नव्हे तर वेगळ्या खिळ्याला.

जे आधीच चिकटून बसले आहे त्याच्या वाटेला जाऊ नये. काचेला धरलेला फोटो सुरीने, वाफेने, केस वाळवायच्या यंत्राने किंवा पाण्यात बुडवून सोडवायचे प्रयोग घराघरांत होतात आणि चेहरा काचेवर राहतो, कागद हातात येतो. काचेसकट तो स्कॅन होतो. स्कॅनरच्या काचेवर काच येते, किंचित धूसर पडते, पण चेहरा शाबूत मिळतो. नंतर ती काच आणि फोटो तसेच एकत्र, आडवे, मऊ कापडात गुंडाळून ठेवावेत. पुठ्ठ्याला चिकटलेला फोटोही पुठ्ठ्यासकटच ठेवावा. पुठ्ठा फार मोठा असेल तर फोटोच्या बाहेर बोटभर जागा सोडून कापता येतो. मात्र पुठ्ठ्यावर काही लिहिलेले आहे का, हे कापण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी पाहून घ्यावे.